समुद्रातले तेल, घरातली चूल आणि आपला श्वास

रविवारी विहारात माणसे जमली आणि गॅसचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आपल्याच मुंबईच्या समुद्रात तेल आणि गॅस निघतो, मग आपल्यालाच टाकी एवढी महाग का?" कोणी म्हणतो, अजून विहिरी खोदल्या की स्वस्त होईल. कॉलेजात जाणारी पोरे म्हणतात, तेल काढल्याने समुद्र नासतो, उन्हाळा वाढतो, तेव्हा ते काढणेच थांबवायला हवे. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि दोन्हींत काही गोष्टी सुटतातही.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण सरळ आहे. टाकी संपली आणि पैसे नसले की घरात पुन्हा चूल पेटते. तिचा धूर सगळ्यात आधी आपल्या आई-बहिणींच्या आणि लहान लेकरांच्या छातीत जातो. म्हणून तेल कुठून येते, त्याचा फायदा कोणाला, त्रास कोणाला, आणि त्यात आपल्या घराने काय करावे, हे या वेळी समजून घेऊ.

तेल सोलापुरात का नाही, समुद्रात का आहे?

सोलापुरात बोअर मारताना थोडी माती गेली की काळा पाषाण लागतो, हे आपण पाहतोच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हारस वर आला, थरावर थर साचून थंड झाला, त्याचा हा खडक. तेल आणि नैसर्गिक वायू मात्र गाळाच्या खडकात सापडतात. प्राचीन समुद्रातले बारीक जीव मरून तळाच्या गाळात गाडले गेले, त्यावर दाब आणि उष्णता पडत राहिली आणि कोट्यवधी वर्षांत त्यांचे तेल व वायू झाले.

असा साठा मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली आहे. तोच 'मुंबई हाय', पूर्वीचे 'बॉम्बे हाय'. १९५६ साली स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने, म्हणजे आजच्या ओएनजीसीने, फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजावरून येथे तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. समुद्रात पोलादी खांबांवर फलाट उभारतात, तळाखाली हजार मीटरहून खोल भोक पाडतात, त्यात नळ्या घालून भोवती सिमेंट भरतात. खोदताना भोकात चिखलासारखे जड द्रव सोडतात. त्याने खडकाचा भुगा वर येतो आणि खालच्या तेल-वायूचा दाबही आवरला जातो. हा दाब आवरला गेला नाही तर विहीर उफाळते. मोठे अपघात बहुतेक तिथेच होतात.

निघालेले तेल आणि वायू समुद्राखालच्या पाईपलाईनने रायगड जिल्ह्यातील उरणला आणि मुंबईला येतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवू. विहिरीतून येणारा वायू मुख्यतः मिथेन असतो. आपल्या टाकीतला गॅस वेगळा, तो प्रोपेन आणि ब्युटेन. तो विहिरीच्या वायूतून थोडा वेगळा काढतात आणि तेल शुद्धीकरण कारखान्यातही थोडा मिळतो. उरणला हे वेगळे करण्याचे काम चालते.

फायदा झाला, तो कोणता?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई हायमधून वर्षाला सुमारे २ कोटी टनांपर्यंत तेल निघत होते. त्या काळात देशाच्या तेलाचा मोठा वाटा या एका ठिकाणाहून आला आणि परदेशातून विकत घ्यायचे तेल तेवढे कमी लागले. येथल्या वायूवर उरणचे वीज केंद्र उभे राहिले, ट्रॉम्बे आणि थळच्या खत कारखान्यांना वायू मिळाला, मुंबईत घरोघरी नळाने गॅस गेला. आपल्यातले जे लोक शेतावर मजुरीला जातात त्यांनी 'सुफला' खताची गोणी उचलली असेल. तिच्यामागेही हा वायू आहे. म्हणून "तेलाचा आपल्याला काही उपयोग झाला नाही" असे म्हणणे बरोबर नाही.

पण पैशाचा हिशेब वेगळा आहे. संविधानाच्या २९७व्या अनुच्छेदाप्रमाणे समुद्राखालची संपत्ती केंद्राच्या मालकीची आहे. म्हणून गुजरात किंवा आसामात जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी त्या राज्याला मिळते, तशी मुंबई हायची महाराष्ट्राला मिळत नाही. कच्च्या तेलावर केंद्राचा उपकरही आहे, तोही केंद्राच्या तिजोरीत जातो. हा पैसा देशाच्या कामाला येतो हे मान्य, पण विहिरीजवळच्या माणसांच्या दवाखान्यासाठी त्यातला ठरावीक वाटा राखलेला नाही.

कोळसा, लोखंड अशा खनिजांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाण मालकाने त्यात पैसे भरायचे आणि ते खाणीच्या भागातील पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खर्च व्हायचे, असा नियम आहे. तेल आणि वायू या नियमात येत नाहीत. या ठिकाणी एक जुनी गोष्ट आठवते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. १९४३ साली ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले आणि मजुरांची घरे पाहिली. १९४४ साली कोळसा खाण मजुरांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून मजुरांची घरे, पाणी आणि औषधोपचार करायचे, ही त्यामागची कल्पना. जमिनीतून संपत्ती काढताना ज्यांचे आरोग्य खर्ची पडते त्यांचा त्यावर हक्क आहे, हा विचार तेलालाही लागू व्हायला हवा.

मग टाकी महाग का?

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातले ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. टाकीतल्या गॅसपैकीही अर्ध्याहून अधिक बाहेरून येतो, त्यातला बराचसा आखाती देशांतून. त्याचा भाव सौदी अरेबियातल्या कंपनीच्या दरावर आणि डॉलरवर ठरतो. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर जुलै २०२२ मध्ये दिल्लीत १४.२ किलोची टाकी १,०५३ रुपयांवर गेली होती. पुढे भाव उतरला, पण लढाई जगात कुठेही झाली तरी तिची झळ सोलापूरच्या स्वयंपाकघरापर्यंत येते, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

अजून विहिरी खोदल्या तर परदेशी जाणारा पैसा काही प्रमाणात वाचेल आणि युद्धाच्या काळात थोडा आधार राहील. तेल काढण्याच्या बाजूचे लोक हे सांगतात आणि ते खरे आहे. पण देशात निघालेल्या तेलाचा भावही जागतिक बाजार पाहूनच ठरतो. त्यामुळे विहीर वाढली म्हणून टाकी आपोआप स्वस्त होत नाही. गरिबाच्या हातात टाकी किती रुपयांना पडेल, हे मुख्यतः सबसिडीवर ठरते. शिवाय मुंबई हाय आता जुने झाले आहे. तिथले उत्पादन पूर्वीपेक्षा बरेच उतरले आहे आणि उरलेले तेल काढायला खर्च जास्त येतो.

त्रास कोणाच्या वाट्याला?

मे १९९३ मध्ये मुंबई हायकडून उरणला येणारी पाईपलाईन फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात गेले. पाण्यावर तेल पसरले की आधी मासे, खेकडे आणि खाडीतली खारफुटी मरते, मग कोळी बांधवांची जाळी रिकामी येतात. तेलातली काही द्रव्ये माशांच्या अंगात साठतात. बेंझीन नावाचा पदार्थ हवेत उडतो. तो वर्षानुवर्षे श्वासात गेला तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. विहिरीतून कधी कधी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू येतो. तो जास्त प्रमाणात असेल तर माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो.

३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पात आग लागून चार जण दगावले. उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांनी खाडी आणि खारफुटी गेल्याबद्दल हरित न्यायाधिकरणात दाद मागितली होती. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यातला मोठा वाटा बंदराच्या भरावाबद्दल बंदर प्रशासनावर होता, काही वाटा सिडको आणि ओएनजीसीवर. हातावर पोट असलेल्या माणसांनी कागदपत्रे जमवून, एकत्र येऊन हे मिळवले, ही बाब आपण लक्षात ठेवावी अशी आहे.

जमिनीवरची विहीर उफाळली तर काय होते, हे आसामात दिसले. तिनसुकिया जिल्ह्यातील बाघजान येथे २७ मे २०२० रोजी ऑइल इंडियाची वायूची विहीर उफाळली. ९ जूनला तिने पेट घेतला. दोन अग्निशामक जवान गेले, हजारो गावकऱ्यांना छावण्यांत राहावे लागले, शेजारचे तळे आणि शेते तेलाने माखली. ती आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. तमिळनाडूत कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी अशाच भीतीने २०१७ मध्ये नेडुवासल आणि कतिरामंगलम येथे आंदोलने केली. २०२० मध्ये तिथल्या सरकारने तो भाग संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला.

समुद्रात कामाला जाणारी मुले

या वादात नोकऱ्यांचा मुद्दा मोठा असतो. आयटीआय झालेल्या फिटर, वेल्डर, रिगर मुलांना समुद्रातल्या फलाटावर कंत्राटदारामार्फत काम मिळते आणि पगारही गावापेक्षा बरा असतो. पण धोक्याचे काम बहुतेक कंत्राटी कामगाराच्याच वाट्याला येते. २७ जुलै २००५ रोजी एक जहाज मुंबई हायच्या फलाटाला धडकले, वायूची नळी फुटली, थोड्याच वेळात पूर्ण फलाट जळाला. त्यात २२ जण दगावले किंवा बेपत्ता झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कामगारांना राहण्यासाठी असलेला पी-३०५ हा तराफा बुडाला आणि ७० पेक्षा जास्त माणसे गेली. वादळाचा इशारा आधी मिळालेला होता.

घरातला मुलगा अशा कामावर निघाला तर एवढे विचारून घ्या. नेमणुकीचा कागद आहे का, त्यावर कंत्राटदाराचे पूर्ण नाव-पत्ता आहे का? पीएफ आणि विमा कोणाच्या नावाने भरला जातो? समुद्रात जगण्याचे प्रशिक्षण दिले का? जाण्याआधी छाती, कान आणि रक्ताची तपासणी झाली का, आणि तिचा अहवाल मुलाच्या हातात आहे का? या सगळ्याची एक प्रत घरी ठेवा. अपघात झाल्यास कामगार भरपाई मागताना हेच कागद उपयोगी पडतात.

सोलापूरच्या उन्हाशी संबंध

तेल, वायू, कोळसा जाळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वी तापते. वायू जाळला तर कोळशाच्या निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून काही जाणकार त्याला बरा म्हणतात. पण विहिरीतून किंवा पाईपमधून मिथेन न जळता सुटला, तर वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. गळती राहिली तर वायूचा चांगलेपणा बराच कमी होतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जाणे नवे नाही. पत्र्याच्या घरात, यंत्रमागाच्या शेडमध्ये तो ताप आणखी जाणवतो. दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते. शहराची हवाही मानकात बसत नाही, म्हणून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. ज्याच्या घरात एसी नाही, गाडी नाही, त्याचा या तापमानवाढीतला वाटा सगळ्यात कमी, आणि उन्हात काम त्यालाच करावे लागते.

चुलीचा धूर हा वेगळा हिशेब आहे

"तेल-गॅस वाईट, म्हणून चूल बरी" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, चिंध्या जाळल्यावर जो धूर होतो, त्यात केसापेक्षा कितीतरी बारीक कण असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथून रक्तात. त्याने बाळांना न्यूमोनिया होतो, बायकांना धाप लागते, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, गरोदरपणी बाळाचे वजन कमी राहते, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली, त्यांत दोन लाखांहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती. आपल्या वस्तीतल्या ज्या भगिनी दिवसभर विड्या वळतात, त्यांच्या नाकात तंबाखूची धूळ जातेच, संध्याकाळी त्यात चुलीच्या धुराची भर पडते.

गरीब घरांनी स्वयंपाकाला गॅस वापरला तर जगाच्या तापमानात पडणारा फरक अगदी थोडा आहे, आणि वाचणारे जीव फार आहेत. तेलाचा वापर कमी करायचाच असेल तर सुरुवात मोठ्या गाड्या, कारखाने आणि वीज केंद्रे यांच्यापासून व्हावी, आपल्या शेगडीपासून नव्हे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने जोडणी घरोघरी आली, पण देशात उज्ज्वलाच्या घरांत सरासरी चार-साडेचार टाक्याच वर्षाला भरल्या जातात. उरलेले दिवस चूल पेटते. जोडणीइतकीच पुढची टाकी परवडणे महत्त्वाचे आहे.

मग आमचे मत काय?

विहीर खोदावी की नाही, याचे एकच उत्तर सगळीकडे लागू होणार नाही. पण कोणी तेलाचा नवा प्रकल्प आणला किंवा त्याला विरोध केला, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात. यातून मिळणाऱ्या पैशातला किती वाटा जवळच्या लोकांच्या आरोग्यासाठी कायद्याने राखला आहे? अपघात झाला तर कंत्राटी कामगाराची आणि मच्छीमार-शेतकऱ्याची जबाबदारी कोणाची? आणि गरिबाच्या टाकीची सबसिडी कायम राहणार का? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली तर चर्चा पुढे जाऊ शकते.

घरात आजपासून करायच्या गोष्टी

१. जोडणी घरातील बाईच्या नावावर आहे का आणि आधार बँक खात्याला जोडले आहे का, हे एजन्सीत पाहून घ्या. उज्ज्वलाची सबसिडी खात्यात जमा होते. राज्याच्या २०२४च्या अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना वर्षाला तीन टाक्यांची सोय आहे, त्यासाठीही नाव बाईचेच लागते. महिला मंडळाने एक दिवस बसून सगळ्यांची कागदपत्रे तपासावीत.

२. गॅस वाचवायचा असेल तर डाळ-तांदूळ आधी भिजवा, झाकण ठेवून शिजवा, कुकर वापरा. टाकी कमी पडत असेल तर निदान सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक गॅसवर करा.

३. आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवावीच लागली तर ती घराबाहेर, मोकळ्या हवेत पेटवा. प्लास्टिक, रबर, रंगीत चिंध्या तिच्यात घालू नका. त्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा विषारी असतो. लहान मूल आणि गरोदर बाई यांना जवळ बसवू नका.

४. टाकीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नका, काडी पेटवू नका. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक दाराच्या मागे लिहून ठेवा. नळी पाच वर्षांनी बदला, चीर दिसली तर त्याआधीच.

५. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार जड काम टाळता आले तर टाळा. पाणी सोबत ठेवा. अंग तापून घाम थांबला, माणूस बरळू लागला तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि लगेच १०८ची गाडी बोलवा.

६. चुलीपुढे वर्षे काढलेल्या आईला जिना चढताना धाप लागत असेल, सकाळी खोकला आणि कफ येत असेल, तर "वय झाले" म्हणून सोडू नका. सिव्हिल हॉस्पिटलात फुंकून करायची श्वासाची तपासणी सांगा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.